खेळ हरताना ओळखावा

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये १९९६ साली मी पहिल्यांदा की-बोर्डला हात लावला. शिकायचं होतं वर्डस्टार आणि लोटस. सर शनिवारचा शेवटचा अर्धा तास खेळायला द्यायचे, आणि त्या अर्ध्या तासापासून पीसीवरचे गेम माझ्या सोबतीला आहेत. शाळा झाली, पुण्यातलं कॉलेज झालं, बँकेतली नोकरी, लग्न, मुलगी, सगळं झालं, खेळणं सुटलं नाही. दीड-दोनशे गेम तरी हाताखालून गेले असतील. त्यांतल्या कित्येकांची चित्रं, गाड्या, बंदुका आता डोळ्यांसमोर येत नाहीत. पण मी हरलो तेव्हा तो गेम माझ्याशी कसा वागला, हे मात्र पक्कं लक्षात आहे. गेमची पारख मी त्यावरूनच करतो. एवढ्या वर्षांत जी मतं घट्ट झाली, त्यांतली काही इथे लिहितो.

१. स्वतःच्या सावलीशी लढायचं नसतं.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा माझा पहिला गेम. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं, पातळ्या बारा. तुम्ही खड्ड्यात पडा, भाल्यांवर पडा, पहारेकऱ्याच्या तलवारीने मरा, घड्याळ थांबत नाही. आम्हाला शनिवारचा अर्धा तास मिळायचा, त्यामुळे गेम पुरा होणं शक्यच नव्हतं. मग वरच्या बॅचच्या एका मुलाला कंट्रोल आणि जी दाबल्यावर गेम सेव्ह होतो हे सापडलं, आणि आमचा शनिवार पुढच्या शनिवारला जोडला गेला.

जॉर्डन मेकनरने हा गेम १९८९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी लिहिला. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवली. म्हणून तो कठड्याला लटकतो तेव्हा त्याच्या अंगाचं वजन आपल्या बोटांना जाणवतं. शत्रूचं आणखी एक वेगळं चित्र ठेवायला त्या संगणकाच्या मेमरीत जागा नव्हती, तेव्हा मेकनरने राजपुत्राच्याच चित्रावर प्रक्रिया करून त्याची सावली तयार केली. चौथ्या पातळीवर राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि ही सावली पलीकडून बाहेर पडते. पुढे ती आपल्या वाट्याचं औषध पिऊन टाकते, ऐन वेळी आपल्यासमोरचं दार पाडते, आणि बाराव्या पातळीवर तलवार घेऊन समोर उभी राहते.

तिला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. ती मेली की आपणही मेलो. तीन शनिवार मी तिच्याशी लढत होतो. चौथ्या शनिवारी वैतागून हात मागे घेतला, तलवार म्यान झाली, तिनेही तलवार म्यान केली, आणि आम्ही एकमेकांकडे चालत जाऊन एक झालो. क्लासमध्ये सगळे ओरडले. मी गप्प बसून होतो. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि घरी वडिलांशी माझं बोलणं बंद होतं. याहून अर्थपूर्ण लढाई मी त्यानंतर कुठल्याही गेममध्ये पाहिलेली नाही, आणि ती मेमरीच्या टंचाईतून जन्माला आली. भरपूर साधनं असलेल्या आजच्या मोठ्या स्टुडिओंनी ही गोष्ट रोज सकाळी आठवावी.

२. काही डाव सुटतच नाहीत, पण ते आपण खेळून ठरवावं.

घरी विंडोज ९८ चा पीसी आला तो माझ्यासाठी, पण त्यावर सर्वांत जास्त खेळली ती आई. फ्रीसेल. बावन्न पत्ते पहिल्यापासून उघडे, नशिबाचा भाग फक्त वाटणीपुरता, पुढचं सगळं आपल्या डोक्यावर. प्रत्येक डावाला क्रमांक, एक ते बत्तीस हजार. आई विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक, एसटीच्या तिकिटाचे शेवटचे आकडे, आमच्या वाढदिवसांच्या तारखा असे क्रमांक टाकून डाव लावायची आणि सुटलेले क्रमांक दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवायची. न सुटलेल्यापुढे फुली. फुली पुसायला ती दुपारी पुन्हा बसायची.

१९९४-९५ मध्ये इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी हे बत्तीस हजार डाव आपसांत वाटून घेऊन सोडवायला घेतले होते. एकच कुणालाही सुटला नाही: ११,९८२. पुढे संगणकाने तपासूनही तो सुटला नाही. हे मी आईला वाचून दाखवलं. तिनं चष्मा पुसला आणि क्रमांक टाकला. आठ दिवस रोज दुपारी तोच डाव. नवव्या दिवशी वहीत ११,९८२ लिहून तिनं पुढे फुली मारली आणि म्हणाली, “हा त्यांचा नाही सुटत, आणि माझाही नाही सुटत.” ती वही माझ्याकडे आहे.

३. प्रोजेक्ट आय.जी.आय. : सेव्ह नसणं हा दोष आहे, आणि तरीही.

२००० सालचा हा गेम नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने बनवला. इंजिन मुळात त्यांनी लढाऊ विमानाच्या गेमसाठी लिहिलेलं, म्हणून त्यातले लष्करी तळ एवढे ऐसपैस, डोंगरावरून दुर्बिणीने न्याहाळता येतील असे. चौदा मोहिमा, आणि मोहिमेच्या मध्ये कुठेही सेव्ह करायची सोय नाही. चाळीस मिनिटं सरपटत जायचं, कॅमेरे चुकवायचे, तारेवरून घसरत पलीकडे जायचं, आणि शेवटच्या दारामागच्या एका पहारेकऱ्याने गोळी घातली की पुन्हा पहिल्यापासून.

त्या वेळी याचा मला भयंकर राग यायचा. आज वाटतं, सेव्हची सोय असती तर मी एवढा वेळ दुर्बीण लावून बसलोच नसतो. पहारेकरी किती पावलांवर वळतो, हे मी मोजायला लागलो ते या भीतीमुळे. पण सांगायचं ते स्पष्ट सांगतो: ज्यांना रोज दोन तास मोकळे मिळतात त्यांच्यासाठीच ही शिस्त ठीक आहे. घर, नोकरी आणि लहान मूल असलेल्या माणसाकडून चाळीस मिनिटं परत मागण्याचा हक्क कुठल्याही गेमला नाही. आज हा गेम पुन्हा आला तर मधला एक तरी थांबा त्यात असावा.

४. मेल्यावर बघत बसणं, हीच काउंटर-स्ट्राइकची शाळा.

पुण्यात टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत दहा पीसींचं सायबर कॅफे होतं. तासाला पंधरा रुपये, रात्री अकरानंतर दहा. काउंटर-स्ट्राइक मुळात १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवर मिन ले आणि जेस क्लिफ या दोन हौशी पोरांनी चढवलेला साज. पुढच्या वर्षी व्हॉल्व्ह कंपनीनेच तो आपला म्हणून बाजारात आणला.

त्यातला मोठा नियम असा की, मेलात की ती फेरी संपेपर्यंत परत यायचं नाही. बसायचं आणि जिवंत असलेल्या साथीदाराच्या डोळ्यांतून पाहायचं. माझ्यासारखा कच्चा खेळाडू पहिल्या दहा सेकंदांत मरायचा आणि उरलेली दीड मिनिटं नुसता पाहायचा. “लाँगला दोघं आहेत!” “बी रिकामं, बी रिकामं!” असा ओरडा चाललेला, आणि मी एका इंजिनिअरिंगच्या मुलाच्या नजरेतून ‘डस्ट-टू’ या मैदानाची एकेक भिंत शिकत होतो. तो कोपऱ्यावर यायच्या आधी थांबायचा. पळत कधीच यायचा नाही. मी महिनाभर त्याच्याकडून शिकलो आणि त्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण सगळे त्याला ‘भावा’ म्हणायचे आणि तो सगळ्यांना.

आजच्या कितीतरी गेममध्ये मेल्यावर दोन सेकंदांत पुन्हा उभं करतात. वेग येतो खरा. पण दुसऱ्याचं खेळणं पाहण्याची सवय त्यामुळे गेली, आणि हे नुकसान मोठं आहे असं माझं ठाम मत आहे.

५. हरायची शक्यता संपली की गेम मेला.

दोन उदाहरणं पुरेत. ‘व्हाइस सिटी’चे चीट कोड आमच्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ होते. पँझर टाइप केलं की रणगाडा, ॲस्पिरिन टाइप केलं की तब्येत ठणठणीत. पहिल्याच आठवड्यात मी कोड वापरले आणि ते सुंदर शहर, ती संध्याकाळ, तो रेडिओ, सगळं पंधरा दिवसांत बेचव झालं. दुसरं ‘क्रिकेट ०७’. एकदा का फटक्याची वेळ सापडली की प्रत्येक चेंडू प्रेक्षकांत. वीस षटकांत साडेचारशे धावा केल्या, त्या दिवशी मी तो काढून टाकला. मात्र या गेमच्या चाहत्यांना माझा नमस्कार. ई.ए. कंपनीने त्यानंतर क्रिकेटचा गेम काढलाच नाही, तर या लोकांनी स्वतःच्या हाताने नवे संघ, नवे गणवेश, नवी मैदानं घालून तो वर्षानुवर्षं चालू ठेवला.

६. ‘नीड फॉर स्पीड : मोस्ट वाँटेड’, २००५ चा. मागे पोलीस, पुढे पेट्रोल पंप, पंपाचं छत त्यांच्यावर पाडायचं. याच्याबद्दल मला काहीही शहाणपण सुचत नाही. फार आनंद दिला त्याने.

७. एम्पायर : टोटल वॉरला मराठ्यांचा पराभव कळला नाही.

क्रिएटिव्ह असेंब्लीचा हा गेम २००९ मध्ये आला, आणि मराठी माणसासाठी त्यात एक अपूर्व गोष्ट होती: मराठा साम्राज्य स्वतः चालवायला घेता येत होतं. भगवं निशाण असलेलं सैन्य पहिल्यांदा पीसीच्या पडद्यावर माझ्या हुकमाने हललं, तेव्हा घसा दाटून आला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

गेम सुरू होतो १७०० साली. साताऱ्याच्या माणसाला ते साल वेगळं सांगावं लागत नाही. माझ्या खिडकीतून दिसणाऱ्या अजिंक्यताऱ्याला तेव्हा खुद्द औरंगजेबाचा वेढा पडला होता. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये किल्ला पडला. त्याच्या अकरा वर्षं आधी, १६८९ मध्ये, राजधानी रायगड गेला होता. आणि तरीही महाराणी ताराबाईंनी लढा चालू ठेवला, किल्ले परत घेतले, आणि सात वर्षांनी औरंगजेब याच मातीत मेला.

गेममध्ये हे घडूच शकत नाही. तिथे शेवटचा प्रांत गेला की सत्ता नकाशावरून पुसली जाते, खेळ खलास. सैन्य उभं राहतं ते युरोपसारखं, बंदूकधाऱ्यांच्या ओळी करून. राजधानीशिवाय, खजिन्याशिवाय, घोड्याच्या पाठीवर चालणारं राज्य मांडायला त्याच्या नियमांत जागाच नाही. संगणकाकडे सोपवले तरी मराठे त्यात बऱ्याचदा मुघलांना गिळून टाकतात आणि आपल्याला पाहून बरं वाटतं, पण ते जिंकणं मराठ्यांचं नव्हे, प्रशियाचं आहे. सगळं गमावूनही न हरणं हा आपल्या इतिहासाचा गाभा आहे. त्याचा गेम आपल्यालाच करावा लागेल.

८. सर्वांत जास्त मला ‘पेपर्स, प्लीज’ने बदललं.

ल्युकस पोप या एकाच माणसाने २०१३ मध्ये हा केला. आर्स्टोट्झ्का नावाचा कल्पित देश, त्याची सीमा, आणि आपण सीमेवरच्या खिडकीतला कारकून. माणसं एकेक करून येतात, कागद पुढे सरकवतात. पासपोर्टाची मुदत, फोटो, शिक्का, शहराचं नाव तपासायचं आणि हिरवा किंवा लाल ठसा मारायचा. जितकी माणसं निपटाल तितका पगार. संध्याकाळी हिशेब: भाडं, जेवण, शेगडी. घरी बायको, मुलगा, सासू आणि काका. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना समज मिळते, तिसरीपासून पगार कापतात.

पाचव्या दिवशी एक नवरा येतो. त्याचे कागद बरोबर आहेत. जाताना तो म्हणतो, माझ्या मागे बायको आहे, तिला सांभाळून घ्या. बायको येते. तिच्याकडे प्रवेशपत्र नाही. सोडलं तर चूक माझ्या नावावर. नाही सोडलं तर ती परत, आणि नवरा पलीकडे.

मी बँकेत काउंटरवर बसतो. समोरच्या माणसाचे कागद तपासणं हेच माझंही काम. हा गेम खेळलो त्याच आठवड्यात एक आजी पेन्शन काढायला आल्या होत्या. पासबुकावर नावापुढे ‘बाई’ होतं, आधार कार्डावर नव्हतं. खेडेगावातून दोन एसट्या बदलून आलेल्या. “आजी, नाव जुळत नाही, दुरुस्ती करून आणा,” एवढं म्हणून मी पुढच्या माणसाकडे हात केला होता. त्या रात्री खेळताना पडद्यावरची बायको कागद घेऊन मागे वळली, आणि मला त्या आजींची पाठ दिसली. हातातली पिशवी दिसली. मी पीसी बंद केला.

या गेमात हरणं म्हणजे मरणं नव्हे. नियमाप्रमाणे वागून पगार पुरा घरी नेणं, हेही त्यात हरणंच आहे. ते कुणी सांगत नाही. ठसा आपल्या हातात असतो, आणि तो उमटताना ठक्क असा आवाज होतो, तेवढंच.

बँकेचा नियम माझ्याने बदलणार नव्हता. पण तेव्हापासून मी कुणालाही तोंडी सांगून परत पाठवत नाही. काय दुरुस्ती हवी, कुठे होते, कोणते कागद न्यायचे, हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून देतो. त्या आजी पुढच्या महिन्यात आल्या तेव्हा त्यांना उठून खुर्ची दिली. त्यांना कारण माहीत नव्हतं.

९. पुण्यात बनलेली ‘राजी’ घ्या, आणि पैसे देऊन घ्या.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत गेम म्हणजे रस्त्यावर शंभर रुपयांना मिळणारी नकलेची सीडी. मूळ गेम बनवणाऱ्याच्या हातात त्यातला पैसाही जात नाही, याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही. तो करायला हवा होता. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या चमूने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ आणला, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात विकत घेतला.

सर्कशीत वाढलेली राजी, तिचा हरवलेला भाऊ गोलू, समोर महाबलासुर. दुर्गा आणि विष्णू यांच्या बोलण्यातून गोष्ट पुढे सरकते, मधले प्रसंग बाहुल्यांच्या सावल्यांच्या खेळासारखे उलगडतात, वाडे आणि जलाशय राजस्थानची आठवण देतात. भिंतीवरच्या चित्रांसमोर मी लढाई सोडून कितीदा तरी थांबलो. उणिवाही सांगतो. लढाया पुढे पुढे तेच ते करतात, उडी कधी कधी हुकते ती आपल्या चुकीने नव्हे, आणि शेवट फारच अचानक येतो, जणू पुढचं पान कुणी फाडून नेलंय. पण कोसळल्यावर पुन्हा उठून वर चढावंसं वाटतं, कारण ती भिंत, ती जाळी, तो दिवा आपल्या ओळखीचा आहे. अशा चमूला दुसरा, तिसरा गेम करता आला तर उणिवा जातील. त्यासाठी पहिला विकला जावा लागतो.

१०. किती वेळा मेलो, हे लपवू नये.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती ‘सेलेस्ट’ खेळते, २०१८ चा. मॅडलिन नावाची मुलगी एक डोंगर चढते, डोक्यात भीतीचा गोळा घेऊन. खेळ कमालीचा अवघड आहे. एकेका पडद्यावर पन्नास-शंभर वेळा मरावं लागतं. पण मेल्यावर पापणी लवायच्या आत त्याच पडद्याच्या सुरुवातीला उभं करतात. ओरडा नाही, ‘तुम्ही हरलात’ अशी पाटी नाही, गेलेलं काही परत मागत नाहीत. मरणांचा आकडा मात्र मोजून ठेवतात, आणि सुरुवातीलाच एक पोस्टकार्ड येतं: या आकड्याचा अभिमान बाळगा, जितके मराल तितकं शिकाल, अशा अर्थाचं.

ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी मदतीची वेगळी सोय आहे. खेळाचा वेग कमी करा, दम संपू देऊ नका, मरणंच बंद करा. ती वापरली म्हणून गेम तुम्हाला कमी लेखत नाही. मी बोटं दुखायला लागली तेव्हा वेग कमी करून घेतला. मुलीने मात्र घेतला नाही. “बाबा, तू घे, मला नको,” म्हणाली.

आईच्या त्या वहीची मागची काही पानं कोरी होती. मुलगी आता रोज रात्री त्यांवर आपला आकडा लिहिते. काल तो २,३१४ होता, आणि ती शिखराच्या प्रकरणात आहे.